बोली न लागलेली मोटार

सालेकसा हे महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या काठावरचे गाव. नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडते, आमगाव मागे टाकते, धानाच्या बांध्या विरळ होऊ लागतात आणि जंगल जवळ येते, तेव्हा हे स्टेशन लागते. पुढे दरेकसा, मग डोंगर, बोगदा आणि त्यापलीकडे डोंगरगड. १९९१ साली मी तिथल्या एका बँकेत शाखाधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा हा सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. बदलीचा कागद आला तेव्हा नागपूरच्या सहकाऱ्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मला काळ्या पाण्याची शिक्षा झाली आहे. प्रत्यक्षात गाव साधे, माणसे शांत आणि कर्जे लहान होती. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे गोंडांची यात्रा लोटे. दूरदूरच्या गावांतून माणसे आपापले झेंडे खांद्यावर घेऊन चालत येत. त्यांना झेंडे घ्या असे कुणी सांगितलेले नसे, की झेंडा कसा धरावा याचे परिपत्रकही कुणी काढलेले नसे.

परिपत्रक आम्हाला येई. पंधरा ऑगस्टला शाखेवर ध्वजवंदन करावे आणि झाल्याची नोंद रजिस्टरात शाखाधिकाऱ्याने स्वतः सही करून ठेवावी. १९९२ साली पंधरा ऑगस्ट शनिवारी आला होता. त्या काळी त्या पट्ट्यात नक्षलवाद्यांच्या दलमांचा वावर होता आणि ऑगस्ट लागला की बाजारात कुजबुज सुरू होई. कुठे स्वातंत्र्यदिनावर बहिष्कार टाकण्याचे पत्रक लागले, कुठे काळा झेंडा दिसला, असे काहीबाही कानावर येई. खरे किती, खोटे किती, कुणी पडताळून पाहत नसे. मीही पाहिले नाही. शुक्रवारी संध्याकाळी आईच्या रक्तदाबाचे कारण सांगून मी नागपूरची गाडी पकडली. आईचा रक्तदाब त्या आठवड्यात उत्तम होता.

सोमवारी सकाळी परतलो. आमच्या शाखेचे शिपाई माझ्याहून वयाने बरेच मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणत असे. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, घडी घातलेला ध्वज कपाटात ठेवला आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवले. त्या दिवशी साडेसात वाजेपर्यंत त्यांनी कुणीतरी साहेब येतील म्हणून वाट पाहिली होती. मग समोरचा चहावाला आणि शाळेकडे निघालेली दोन पोरे बोलावून पावसात स्वतःच ध्वज चढवला होता आणि सूर्यास्ताला उतरवला होता. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मी रजिस्टर उघडले, ध्वजवंदन माझ्या उपस्थितीत यथासांग पार पडल्याची नोंद केली आणि सही ठोकली. पुढच्या कामाला लागलो.

पुढे काही वर्षांनी माझी बदली वर्ध्याला झाली. बजाजवाडीवरून येणे-जाणे असे. गावात जमनालाल बजाज हे नाव रस्त्याला, संस्थेला, सभागृहाला इतके सर्वत्र, की ते माणसाचे नाव आहे हेच आपण विसरतो. एका सुट्टीत त्यांचे चरित्र वाचायला घेतले. वाचताना १९२३ सालाशी आलो आणि एका लिलावाच्या हकिकतीवर थबकलो. लिलाव हा माझ्या धंद्यातला विषय. त्या लिलावाने मला सालेकशाच्या त्या रजिस्टरापाशी परत नेले, म्हणून आज हे लिहितो आहे.

जमनालालांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानातल्या सीकर संस्थानातल्या काशी का बास या खेड्यातला. घर गरीब. वर्ध्याचे बच्छराज शेठ हे धनाढ्य व्यापारी त्या बाजूला गेले होते. त्यांना हा पोरगा आवडला आणि लहानपणीच त्यांनी त्याला नातू म्हणून दत्तक घेतले. मुलाच्या बदल्यात आईबापांनी पैसा घेतला नाही. गावात पाण्याचे हाल होते, तेव्हा सगळ्यांसाठी एक विहीर बांधून द्या म्हणाले, अशी हकिकत सांगतात. वाळवंटी मुलखात एका मुलाचे मोल एक विहीर ठरावे, यात त्या मुलाच्या पुढच्या आयुष्याची जणू कुंडलीच मांडलेली दिसते.

वर्ध्यात कापसाचा पैसा होता. सरकी, गठाणी, जिनिंग प्रेस, सावकारी या वातावरणात पोर वाढले. शाळा बेताची झाली, हिशेब मात्र पक्का. सतराव्या वर्षी एका लग्नाला जाताना अंगावर दागिने घालण्यावरून आजोबांशी खटका उडाला. म्हातारा पैशावरून टाकून बोलला. पोराने शांतपणे पत्र लिहिले, की तुमच्या मालमत्तेवर माझा काडीचाही हक्क नाही, आणि नेसत्या वस्त्रानिशी घर सोडले. समजूत काढून त्याला परत आणावे लागले. थोड्याच काळात बच्छराज शेठ वारले आणि ज्या इस्टेटीवर त्याने पाणी सोडले होते ती त्याच्याच हाती आली. पण ते पत्र त्याने मनातून कधी रद्द केले नाही. पुढे आयुष्यभर हा माणूस स्वतःच्या पैशाकडे दुसऱ्याची ठेव असल्यासारखा पाहत राहिला. बँकेत आम्ही रोज तेच करतो, पण आम्हाला त्याचा पगार मिळतो.

देशकार्याची पहिली देणगी त्यांनी पोरवयातच दिली होती. टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपुरातून निघणार होती, तिच्यासाठी रोजच्या खर्चाला मिळणाऱ्या एकेका रुपयातून साठवलेले शंभर रुपये त्यांनी दिले. इंग्रज सरकारलाही हा तरुण व्यापारी आपलासा वाटत होता. मानद मॅजिस्ट्रेटचे पद मिळाले, रायबहादूर ही पदवी मिळाली. नागपूर-वर्ध्याच्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने माणूस मार्गी लागला होता.

१९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला. स्वागताध्यक्ष होते जमनालाल, वय एकतीस. याच सुमारास त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली. मला तुमचा पाचवा मुलगा माना, म्हणाले. एकदा दत्तक गेलेला माणूस दुसऱ्यांदा, आपण होऊन, दत्तक गेला. पहिल्या वेळी इस्टेट मिळाली होती, या वेळी ती द्यायची होती. १९२१ साली रायबहादुरी परत केली. वकिली सोडणाऱ्या वकिलांच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून एक लाख रुपये दिले. काँग्रेसची तिजोरी सांभाळायची जबाबदारी त्यांच्याकडे आली ती जन्मभरासाठी. साबरमतीसारखा आश्रम वर्ध्यात असावा असा हट्ट धरून त्यांनी विनोबांना आणले. घरात जानकीदेवींनी सोने उतरवले, परदेशी कपड्यांची होळी केली. मारवाडी घरातल्या बाईने सोने उतरवणे म्हणजे काय, हे ज्याने तारण-कर्जाच्या काउंटरवर नोकरी केली आहे त्याला विचारा.

मग १९२२ उजाडले. चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी चळवळ थांबवली, मार्चमध्ये ते स्वतः सहा वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात गेले, आणि काँग्रेसमध्ये कायदेमंडळात जावे की जाऊ नये यावरून दोन तट पडले. लोक दमले होते. अशा मरगळीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, झेंड्याचा प्रश्न निघाला.

तेव्हाचा झेंडा आजचा नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा पट्टा आणि त्यावर चरखा. कापड अर्थात खादीचे. त्याला कायद्याने कसलीही मान्यता नव्हती. १९२३ च्या मार्चमध्ये जबलपूरच्या नगरभवनावर तो लावण्यावरून सरकारशी खटका उडाला. जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, १३ एप्रिलला, नागपुरात झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे वळताच पोलिसांनी अडवली आणि मारहाण केली. सिव्हिल लाइन्स म्हणजे साहेबांचे बंगले आणि सरकारी कचेऱ्या. शहरात काय हवे ते फडकवा, इथे नाही, असा एकूण हुकूम. एखाद्या रस्त्यावरून एक कापड नेता येत नाही, एवढीच बाब. पण तो रस्ता आपल्याच गावातला होता.

१ मेपासून नागपूरचा झेंडा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याचे नेतृत्व जमनालालांकडे आले. पद्धत अगदी साधी. रोज काही स्वयंसेवक झेंडे घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघत, हद्दीवर अडवले जात, पकडले जात. दुसऱ्या दिवशी दुसरे निघत. हातात दगड नाही, तोंडात शिवी नाही. आधी मध्य प्रांतातले लोक आले, मग गुजरात, बिहार, मद्रासकडून तुकड्या येऊ लागल्या. जबलपूरहून सुभद्राकुमारी चौहान आल्या आणि पकडल्या गेल्या. विनोबाही पकडले गेले. नागपूरच्या आणि मग अकोल्याच्या तुरुंगात राहिले. दीड हजारांहून अधिक माणसे त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आत गेली. त्यांत शेतकरी होते, विणकर होते, विद्यार्थी होते. बहुतेकांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत.

जमनालाल १७ जूनला पकडले गेले. १० जुलैला शिक्षा झाली: दीड वर्षाचा तुरुंगवास आणि तीन हजार रुपये दंड. तीन हजार ही त्यांच्या गल्ल्याला किरकोळ रक्कम. मुनीमजींनी सकाळी पाठवली असती तर दुपारी पावती आली असती. पण त्यांनी दंड भरायचे नाकारले. तेव्हा सरकारने वसुलीसाठी त्यांची मोटार जप्त केली आणि लिलावाला काढली.

इथे मी पुस्तक मिटून बसलो. नोकरीत मी कितीतरी लिलाव केले आहेत. ट्रॅक्टर, जीप, डिझेल पंप, भाताची गिरणी. लिलावात माणूस ओळखू येतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर जप्त झाल्याचे दुःख खरेच असते. घरी जाऊन दोन शब्द धीराचेही बोलतात. आणि मग लिलावाच्या दिवशी तोच शेजारी मागच्या रांगेत उभा राहून निम्म्या किमतीला बोली लावतो. त्यात मला कधी वाईटही वाटले नाही, कारण स्वस्त वस्तूला गिऱ्हाईक मिळते हा बाजाराचा नियम आहे. मोटार तर त्या काळी किती दुर्मिळ! नागपुरात वकील होते, मालगुजार होते, ठेकेदार होते, सरकारची मर्जी राखून असलेले शेठ होते. स्वस्तात मोटार मिळत होती, शिवाय सरकार खूश होणार होते. आणि नागपुरात त्या मोटारीला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी ती दूर काठियावाडात नेऊन विकावी लागली.

झेंडा घेऊन चालत गेले त्यांची शूरता मला कळते, आणि तिच्यापुढे मी मान लवतो. पण माझ्यासारख्या भित्र्या नोकरदाराला अधिक हलवून गेले ते हे न आलेले लोक. त्यांनी झेंडा हाती धरला नव्हता. धंदा सोडला नव्हता. त्यांतल्या कित्येकांनी या खटाटोपाला मनात पोरखेळही म्हटले असेल. पण बोलीची वेळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. त्यांना कुणी पाहत नव्हते, त्यांची नावे कुठे छापून येणार नव्हती, त्यांना प्रमाणपत्र मिळणार नव्हते. एक चांगला सौदा त्यांनी मुकाट्याने सोडला. देशप्रेमाची जितकी रूपे मी वाचली आहेत त्यांत हे मला सगळ्यांत विश्वासार्ह वाटते, कारण ते हिशेबाच्या वहीत खर्चाच्या बाजूला पडते.

जमनालाल तुरुंगात असताना सत्याग्रहाची सूत्रे वल्लभभाई पटेलांनी घेतली. १८ ऑगस्ट १९२३ रोजी झेंडे घेतलेली मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि कुणी अडवली नाही. ही सरकारची परवानगी की लोकांचा विजय, यावर दोन्हीकडून शाई पुष्कळ खर्च झाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला कैदी सुटले.

जमनालालांची गंमत अशी की झेंड्याचे नाव मिळवून ते झेंड्यापाशी थांबले नाहीत. सुटून आले आणि त्या कापडामागच्या कामाला लागले. ते कापड ज्या हातांनी विणायचे त्या हातांसाठी खादीचे काम. चरखा संघाचे ते कोषाध्यक्ष झाले. १९२८ साली वर्ध्यातले आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. त्यासाठी जातभाईंचा रोष पत्करला. इंग्रजाच्या तुरुंगापेक्षा तो अधिक बोचरा असतो, कारण तिथून सुटका होण्याची तारीख ठरलेली नसते. १९३० आणि १९३२ साली पुन्हा तुरुंग. १९३९ साली जयपूर संस्थानाने प्रवेशबंदी घातली ती मोडून तिथेही अटक. गांधीजींना त्यांनी वर्ध्याला आणले, आणि शेगाव या खेड्याचे सेवाग्राम झाले ते बव्हंशी त्यांच्या जमिनीवर. व्यापारही चालू होता. १९३१ साली साखर कारखाना काढला. ते संन्यासी झाले नाहीत. मिळवायचे, हिशेब ठेवायचा आणि मग स्वतःला त्या पैशाचा मालक न समजता विश्वस्त समजायचे, हा अवघड मार्ग त्यांनी घेतला. शेवटचे काही महिने ते गाईंच्या सेवेत रमले होते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात अचानक गेले. वय बावन्न.

छोडो भारत त्यांनी पाहिले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्यांच्याच वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला निघालेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. सप्टेंबरात नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार झेंडा हाती धरून पडला. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने अशोकचक्रांकित तिरंगा स्वीकारला. ज्या कापडासाठी दीड हजार माणसे नागपुरात आत गेली होती त्याचा वारस सरकारी इमारतीवर चढला.

त्यानंतर उलटेच झाले. ध्वज सरकारचा झाला. काही ठराविक दिवस सोडले तर साध्या नागरिकाला तो घरावर लावता येत नसे. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि वर्षभर ध्वज लावण्याची मोकळीक मिळाली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने मानाने ध्वज फडकवणे हा नागरिकाचा हक्क मानला. २०२१ च्या अखेरीस यंत्रावर बनलेला, पॉलिएस्टरचा ध्वजही चालेल असे ठरले, आणि २०२२ च्या जुलैत तो घरावर रात्रंदिवस ठेवायला परवानगी मिळाली. त्या ऑगस्टला पोस्टात पंचवीस रुपयांना ध्वज मिळत होता. खादीचा ध्वज बनवणाऱ्या नांदेड आणि हुबळीच्या संस्थांना काय वाटले असेल, ते जमनालालांना बरोबर कळले असते.

तरी मी नाक मुरडणाऱ्यांतला नाही. पंचवीस रुपयांत मजुराच्या घरावरही ध्वज लागतो, ही चांगलीच गोष्ट आहे. शेजारच्या घरावर ध्वज नाही म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहणारे मात्र मला खटकतात, आणि ध्वज लावणाऱ्या प्रत्येकाला दिखाऊ म्हणणारेही तितकेच खटकतात. १९२३ च्या नागपुरात यातला कुठलाच निकष लागू पडला नसता. ज्यांनी बोली लावली नाही त्यांच्या घरावर कुठे झेंडा होता?

त्या २०२२ च्या ऑगस्टात, सोळा तारखेला, मी बऱ्याच वर्षांनी सालेकशाला गेलो. पाऊस लागून होता. कौलांवर, टिनांवर, पानठेल्यांवर ध्वज होते. काही टवटवीत, काही काठीला चिकटून बसलेले, एकदोन बांधीच्या चिखलात पडलेले. काकांचे घर शोधले. आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्या घरावर रिकामी काठी होती. ध्वज त्यांनी पंधराच्या संध्याकाळी उतरवून, वाळवून, घडी घालून पेटीत ठेवला होता. नियम बदलला आहे, आता रात्रीही चालतो, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली. आपली सवय जुनी आहे, म्हणाले.

मग मी १९९२ ची गोष्ट काढली. माझ्या न येण्याचे त्यांना काही आठवत नव्हते. आठवत होती ती दोरी. पावसाने भिजून गाठ अशी आवळली होती, की दातांनी सोडवावी लागली. भीती वाटली नव्हती का, असे विचारले, तर वाटली होती म्हणाले. नोंदीबद्दल मी काहीच बोलू शकलो नाही. चहा घेतला आणि उठलो.

ते रजिस्टर एव्हाना रद्दीत गेले असेल. बँकेत जुन्या कर्जाला मुदतीचा कायदा लागतो. खोट्या नोंदीला तो लागतो असे मला वाटत नाही. म्हणून तीस-बत्तीस वर्षे उशिरा का होईना, दुरुस्ती करतो. दिनांक १५ ऑगस्ट १९९२, सालेकसा शाखा. ध्वज शिपाईकाकांनी चढवला. उपस्थिती: एक चहावाला आणि दोन शाळकरी मुले. शाखाधिकारी गैरहजर.